दोन पिनांमधला निर्णय

जुन्या नेटवर्क यंत्रांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, म्हणून पवनीच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. टेबलावर कधीच बंद झालेल्या एका सायबर कॅफेचा राउटर उघडून ठेवला होता. 486 प्रोसेसरचा पीसी, त्यात एनई2000 पद्धतीचं नेटवर्क कार्ड आणि बाहेरून जोडलेला मोडेम. एका टेलिफोन लाइनवरचं इंटरनेट हा पीसी कॅफेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वाटून देत असे. हाताखालच्या मुलांना शिकवण्यासाठी दुकानदार तो पुन्हा चालू करत होते.

देशात नेटवर्कची पायाभरणी 1986 मध्ये 'अर्नेट' प्रकल्पाने झाली. त्यातल्या आठ संस्थांपैकी एनसीएसटी आणि आयआयटी या दोन मुंबईच्या. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सेवा सुरू केल्यावर. तालुक्याच्या गावी ते पोहोचलं टेलिफोनच्या तारेवरून, त्यानंतर.

माझं लक्ष मात्र कार्डावरच्या पिनांच्या रांगेवर खिळलं. दोन पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी बसवली की आतली धातूची पट्टी त्या पिना जोडते. हाच जंपर. एका रांगेने कार्डाचा पत्ता ठरतो, बहुधा 300. दुसऱ्या रांगेने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची ओळ. अडचण इथेच होती. कार्ड तिसऱ्या ओळीवर होतं आणि मोडेम ज्या कॉम-2 पोर्टला जोडलेला, त्याचीही ओळ तिसरीच. आयएसए स्लॉटवर दोन उपकरणांना एक ओळ सहसा वाटून घेता येत नाही. म्हणून नेटवर्क एकटं नीट चालायचं, पण मोडेमचा पोर्ट उघडताच ठप्प व्हायचं.

"तार बदलून काही होत नाही भाऊ, टोपी पाहा न," दुकानदार मुलाला म्हणाले. वीज काढून त्यांनी चिमट्याने टोपी तिसऱ्यावरून पाचव्या ओळीवर नेली आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्येही 5 लिहिलं. कार्ड एक सांगतं आणि ड्रायव्हर दुसरंच धरून बसतो, असं झालं तर काहीच चालत नाही. पीसी सुरू केल्यावर दोन्ही एकत्र चालली.

मोठ्या राउटरांतही हीच पद्धत होती. सिस्कोच्या एजीएस मालिकेत प्रोसेसर कार्डावर जंपरांचं सोळा बिटांचं रजिस्टर असे. त्यातले पहिले चार बिट राउटरने सुरू होताना सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते ठरवत. पुढे 2500 मालिकेत हेच रजिस्टर आज्ञा देऊन बदलता येऊ लागलं. पीसीच्या कार्डांतही 'प्लग अँड प्ले' आलं आणि झाकण उघडण्याची गरज सरली.

सोय झाली, हे खरंच. पण जंपरचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. यंत्र बंद असतानाही त्याची मांडणी डोळ्यांनी वाचता येते. वीज गेली, डिस्क बिघडली, पासवर्ड हरवला, तरी टोपी सांगते की कार्ड कोणत्या ओळीवर आहे. अट एवढीच की वाचणाऱ्याकडे किल्ली हवी. कार्डावर छापलेलं असतं फक्त 'डब्ल्यू-1', 'जेपी-3' असं काही. कोणत्या जोडणीचा अर्थ काय, हे सोबतच्या पुस्तिकेत, आणि स्वस्त कार्डांच्या पुस्तिका सर्वांत आधी रद्दीत गेल्या. मग अंदाजाने टोप्या हलवाव्या लागतात. त्यात पत्ता बदलला तर कार्डच सापडेनासं होतं, बूट रॉमचा पत्ता दुसऱ्या कार्डावर आदळला तर पीसीच सुरू होत नाही. पिना काळवंडलेल्या असतात, टोप्या सैल झालेल्या असतात, आणि नव्या टोप्या मागितल्या तर दुकानात मुळात कशाला हव्यात तेच समजावून सांगावं लागतं.

म्हणून कॉलेजांच्या आणि कार्यालयांच्या कपाटांत अशी यंत्रं असतील, त्यांनी एक काम आत्ताच करावं. टोपी हलवण्याआधी रांगेचं चित्र काढून, प्रत्येक जोडणीचा अर्थ लिहून, कागद झाकणाच्या आतून चिकटवावा. खर्च काहीच नाही. फक्त तो अर्थ ठाऊक असलेला माणूस निवृत्त होऊन गावी जाण्याआधी हे झालं पाहिजे.