पत्रकातली सहा वचने

२०२० सालच्या फेब्रुवारीत काही दिवस मी धाकट्या बहिणीकडे होसकोट्याला मुक्कामी होतो. नगरसभेच्या निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. सकाळी नऊच्या सुमारास एक अपक्ष उमेदवार दारात आला. तिशीतला तरुण, बरोबर चार मित्र, ध्वनिक्षेपक नाही की हारतुरे नाहीत. त्याने हात जोडून मत मागितले आणि एक पिवळे पत्रक हाती ठेवले. त्यात सहा वचने होती: घरोघरी कावेरीचे पाणी, होसकोट्यापर्यंत मेट्रो, तलावाचे पुनरुज्जीवन, महामार्गाच्या कडेची तुंबणारी गटारे मोकळी करणे, महसुली भूखंडांना खाते आणि रोज कचरा उचलणे.

बहिणीने माझी ओळख करून दिली. मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो आहे आणि काही वर्षे नगर प्रशासनात होतो, हे कळताच तो थबकला. "साहेब, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "यातलं मला खरोखर किती करता येईल?" मी हसून म्हणालो, "आधी निवडून तर या." तो गेल्यावर बहीण म्हणाली, "दादा, त्यानं सरळ प्रश्न विचारला होता. तू उत्तर दिलं नाहीस."

ते पत्रक अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. उत्तर द्यायचे राहून गेले, ते आज देतो आहे.

होसकोटे म्हणजे नवा कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मे गौड या पाळेगाराने तो उभारला. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूरु जिंकले आणि शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तीत बंगळूरु, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होते. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये, पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने याच गावाजवळ रात्री छापा घातला आणि त्याला मागे फिरावे लागले. मराठी वाचकाला हे गाव परके वाटू नये म्हणून हे सांगितले. पण इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. या गावाचे भवितव्य नेहमी गावाबाहेर ठरत आले. आधी विजापुरात, मग श्रीरंगपट्टणात, आता बंगळूरुच्या विधानसौधात. गावातल्या माणसांनी गावाबद्दल निर्णय घ्यायची एकमेव जागा म्हणजे नगरसभा. त्या जागेत किती बळ उरले आहे, हे पाहायचे तर पत्रकातले एकेक वचन तपासावे लागेल.

पहिले वचन कावेरीच्या पाण्याचे. बंगळूरुपासून २५-३० किलोमीटरवरचे हे गाव कूपनलिकांवर जगते आणि तालुक्यातील भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पलीकडे गेलेला आहे. कावेरीचे पाणी बंगळूरुचे पाणीपुरवठा व सांडपाणी मंडळ वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो बंगळूरु महापालिकेत सामील केलेल्या ११० गावांसाठी. होसकोटे त्या हद्दीबाहेर आहे. हद्दीबाहेरच्या शहरांतील मोठ्या पाणीयोजना कर्नाटक नागरी पाणीपुरवठा व सांडपाणी मंडळ राबवते. नगरसभेकडे राहतात जुन्या कूपनलिका, त्यांची वीजबिले आणि टँकर.

दुसरे वचन मेट्रोचे. मार्च २०२३ मध्ये ती व्हाइटफील्डच्या काडुगोडीपर्यंत आली आणि होसकोट्याच्या आशा वाढल्या. पण मेट्रोचा मार्ग केंद्र आणि राज्य मिळून ठरवतात. तेथे नगरसेवकाचे काम निवेदन देण्यापुरते.

तिसरे वचन तलावाचे. होसकोट्याचा विस्तीर्ण तलाव दक्षिण पिनाकिनीच्या प्रवाहावर आहे. नदी नंदी डोंगरांतून येते आणि पुढे तमिळनाडूत जाते. तलाव वाचवायचा तर वरच्या गावांचे सांडपाणी, कालव्यांवरची अतिक्रमणे आणि पाटबंधारे खात्याचे नियोजन या सगळ्यांना हात घालावा लागतो. शहरातील गटारांचे पाणी तलावात जाऊ न देणे एवढा एक भाग मात्र नगरसभेचा स्वतःचा आहे, आणि तो लहान नाही.

चौथे वचन महामार्गालगतच्या गटारांचे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, त्याच्या कडेचे गटारही त्यांचे. चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग होसकोट्यापासूनच सुरू होतो. गाव मोक्याच्या जागी आहे. मोक्याच्या जागेवरचे रस्ते मात्र गावाचे नसतात.

पाचवे वचन खात्याचे. शेतजमिनीवर मंजुरीविना पाडलेल्या भूखंडांचा प्रश्न बंगळूरुभोवतीच्या प्रत्येक गावात आहे. खाते नसेल तर कर्ज मिळत नाही, विक्री अडते. या भूखंडांची आखणी मंजूर करते होसकोटे नियोजन प्राधिकरण, नगरसभा नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने नगरसंस्थांमध्ये अशा मालमत्तांना 'बी-खाते' देण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा निर्णय मंत्रिमंडळाचा होता आणि अर्ज घेणारी खिडकी नगरसभेची.

उरले सहावे वचन, कचऱ्याचे. पत्रकात ते सर्वांत खाली, बारीक अक्षरांत होते. आणि तेवढेच संपूर्णपणे नगरसभेच्या हातातले होते.

हे असे का, याची हकिगत मराठी वाचकाला अपरिचित नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि बाराव्या परिशिष्टातील १८ विषय नगरसंस्थांकडे सोपवण्याचा मार्ग खुला झाला. परंतु सोपवायचे की नाही, किती सोपवायचे, हे राज्यांवर राहिले. महालेखापरीक्षकांनी कर्नाटकातील अंमलबजावणी तपासली, तेव्हा अग्निशमन वगळता १७ विषय कागदोपत्री हस्तांतरित झालेले आढळले. प्रत्यक्षात नगरसंस्थांची पूर्ण जबाबदारी असलेले विषय बोटांवर मोजण्याइतके. बाकी ठिकाणी मंडळे, प्राधिकरणे आणि खाती. नगरसभेचा पौरायुक्त राज्य सरकार नेमते, अभियंताही तेच धाडते. ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात. वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठी आधीच बांधलेला असतो. प्रभाग समित्यांची घटनात्मक सक्ती तीन लाखांवरील शहरांपुरती. २०११ च्या जनगणनेत होसकोट्याची लोकसंख्या ५७ हजारांच्या घरात होती.

आता माझ्या बाजूचे सांगतो, कारण त्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. सेवेत असताना एका लहान नगरपालिकेचा ठराव माझ्याकडे आला होता. बाजारालगतचे गटार स्वनिधीतून, पावसाळ्यापूर्वी बांधावे, असा तो ठराव. सूचक एक महिला सदस्य होती. खर्च स्थानिक मंजुरीच्या मर्यादेपेक्षा थोडा अधिक होता. मी अंदाजपत्रकात त्रुटी काढून फाइल परत पाठवली. ती दुरुस्त होऊन आली, तेव्हा दरसूची बदललेली होती. पुन्हा परत पाठवली. तिसऱ्या वेळी जागेच्या मालकीचा दाखला मागितला. माझी प्रत्येक हरकत नियमाला धरून होती. मधल्या काळात दोन पावसाळे गेले आणि दोन्ही वेळा बाजारात गुडघाभर घाण पाणी शिरले. पुढच्या निवडणुकीत ती सदस्य पडली. गटाराचे वचन तिने पाळले नाही, असा लोकांचा समज झाला. माझी बढती वेळेवर झाली. मला कोणी काही विचारले नाही. विचारण्याची तरतूदच नव्हती.

त्या तरुणाच्या प्रश्नाला मी हसून बगल दिली, त्यामागे ही फाइल होती.

होसकोट्याच्या त्या निवडणुकीत गटारांची चर्चा तशीही फार झाली नाही. दोनच महिने आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, तेथे विधानसभेची पोटनिवडणूक झाली होती. काँग्रेस सोडून भाजपमध्ये आलेले एम. टी. बी. नागराज यांना अपक्ष शरत बच्चेगौड यांनी पराभूत केले होते. नगरसभेची लढत म्हणजे त्याच सामन्याचा दुसरा डाव ठरला. भाजपला स्पष्ट बहुमत मिळाले, विधानसभेतील पराभवाची परतफेड झाल्याच्या बातम्या आल्या. कोणत्या प्रभागात कोणता प्रश्न होता, हे त्या बातम्यांत शोधूनही सापडत नव्हते. पुढे नागराज राज्याचे नगर प्रशासन मंत्री झाले. २०२३ मध्ये शरत बच्चेगौड काँग्रेसतर्फे पुन्हा आमदार झाले. दोघांचाही दोष मी येथे काढत नाही. मात्र ज्या नगरसभेचे सदस्य आपण निवडतो, तिचे पाकीट मंत्र्याच्या मेजावर उघडते, हे होसकोटेकरांना यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवले नसेल.

मोठी शहरे यात अधिक सुखी आहेत असेही नाही. बंगळूरु महापालिकेच्या सदस्यांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. पाच वर्षे निवडणूक झाली नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका महापालिकेच्या जागी पाच आल्या. मुंबईत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासकच होता. २०१८ मध्ये कर्नाटकातील अनेक नगरसंस्थांत सदस्य निवडून आले, पण अध्यक्षपदांच्या आरक्षणाचा वाद दोन वर्षे चालला आणि तोवर त्यांच्या हाती काहीच नव्हते. उद्या होसकोटे बंगळूरुच्या हद्दीत गेले, तर कदाचित कावेरीचे पाणी येईल. त्या दिवशी ३१ प्रभागांचे हे सभागृह मात्र उरणार नाही. ही अदलाबदल करायची की नाही, हे होसकोटेकरांना कोणी विचारेल का? जुलै २०२५ मध्ये त्यांच्या बंगळूरु ग्रामीण जिल्ह्याचे नाव बंगळूरु उत्तर करायचे ठरले, तोही निर्णय मंत्रिमंडळाचाच.

मग नगरसेवकाच्या निवडणुकीला अर्थ नाही काय? आहे, आणि तो समजण्यासाठी मी पुण्याकडे पाहतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव पुढे १८८२ मध्ये आला. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चायचे ठरवले. बत्तीस सदस्यांत विरोधी मत एकट्या फुल्यांचे पडले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी शहरात दारूची दुकाने वाढवण्यालाही त्यांनी लेखी विरोध केला. त्यांच्या हाती आजच्या नगरसेवकापेक्षा अधिकार कमीच होते. पण त्यांची भूमिका काय होती, हे १४० वर्षांनंतरही आपल्याला सांगता येते, कारण ती सभागृहात, रकमेसह, नोंदली गेली.

उमेदवाराची भूमिका मी त्या मापाने मोजू इच्छितो. पत्रकात जे आहे त्यातले पाच भाग आमदार-मंत्र्यांच्या कक्षेतले असतात. उमेदवार खोटे बोलतो म्हणून नव्हे. मतदार तेच विचारतो म्हणून. नगरसभेच्या सभेत जे विषय खरोखर मताला येतात, ते प्रचारात कोणी काढत नाही. मालमत्ता कराचा दर आणि थकबाकीची वसुली. नगरसभेच्या मालकीच्या गाळ्यांचे भाडे आणि त्यांचे लिलाव. टँकरचे दर आणि कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी पाणी सोडायचे त्याचे वेळापत्रक. पौरकार्मिकांची, म्हणजे सफाई कामगारांची, हजेरी, हातमोजे आणि वेळेवर वेतन. पहाटे चार वाजल्यापासून बिर्याणीसाठी रांगा लावणाऱ्या या गावात सकाळी सातला साचलेल्या कागदी थाळ्यांचे आणि हाडांचे काय करायचे, हादेखील नगरसभेच्याच अखत्यारीतला विषय. यांतला एकही विषय भव्य नाही. पण शहराचे आरोग्य आणि नगरसभेची तिजोरी या दोन्ही गोष्टी यांवरच उभ्या आहेत. आणि ज्या नगरसभेची स्वतःची वसुली चांगली असते, तिला मंत्रालयाच्या दारात कमी वेळा जावे लागते.

त्या तरुणाला मी काय सांगायला हवे होते, ते आता लिहितो. पहिली पाच वचने काढून टाक, किंवा त्यांच्यापुढे स्पष्ट लिही की हे माझ्या हातात नाही, मी फक्त मागणी करीन. सहावे वचन वर घे. त्याखाली लिही की करवसुलीच्या ठरावावर मी कोणते मत देईन, गाळ्यांचा जाहीर लिलाव मागीन की जुन्या भाडेकरूंना मुदतवाढ देईन, शहराचे सांडपाणी तलावात सोडणारी किती गटारे पहिल्या वर्षी वळवीन. आणि प्रत्येक सभेनंतर आपण कशाला हात वर केला, हे प्रभागातल्या फलकावर लावीन. माझ्यासारख्या एखाद्या अधिकाऱ्याने तुझा ठराव तीनदा परत पाठवला, तर त्या फाइलचा क्रमांक आणि तारीखही त्याच फलकावर लाव.

तो तरुण त्या निवडणुकीत पडला. बहीण सांगते, त्याने हार्डवेअरचे दुकान टाकले आहे आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहायचे त्याच्या मनात आहे. पुढच्या खेपेस होसकोट्याला गेलो की पिवळे पत्रक घेऊन मी त्या दुकानात जाणार आहे.