शेतीला कर नाही, पण विवरणपत्रात जागा आहे

सातारा-सांगलीकडच्या पगारदारामागे बहुधा थोडीफार शेती असतेच. ऊस कारखान्याला जातो, बिल बँकेत जमा होते आणि जुलैत विवरणपत्र भरताना नेमके तेच राहून जाते. ‘शेतीला कुठे कर असतो?’ हा युक्तिवाद निम्माच खरा.

कर नाही, पण दाखवावे लागते. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेले की पगारदाराला ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. ते ५ लाखांच्या वर असेल, तर पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत हेही भरायचे. सातबारा हाताशी असलेला बरा. शिवाय पगार करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर शेतीची रक्कम कराचा दर ठरवण्यापुरती त्यात मिळवतात. करमुक्त उत्पन्नही असा पगारावरचा कर वाढवू शकते.

शेतकऱ्याने हळद शिजवून, वाळवून सांगलीच्या सौद्यात विकली, तर ते शेतीचेच उत्पन्न. गोठ्यातल्या म्हशीचे दूध मात्र नाही! डेअरीचे बिल व्यवसायात धरतात, मग आयटीआर-२ही पुरत नाही.

आणि ई-व्हेरिफिकेशन ३० दिवसांत उरकावे. उशीर झाला, तर व्हेरिफिकेशनची तारीखच विवरणपत्राची धरली जाते, नि विलंबशुल्क मागे लागू शकते.