घामाने मुके होणारे घड्याळ

मनगटावरील घड्याळाने वेळेबरोबरच शरीरातील साखरही सांगावी, हे मधुमेही रुग्णांचे जुने स्वप्न होय. अमेरिकेतील सिग्नस कंपनीने ते काही अंशी प्रत्यक्षात आणले. 'ग्लुकोवॉच बायोग्राफर' या तिच्या उपकरणाला २००१ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. सौम्य विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्वचेतून ग्लुकोज ओढून घेऊन हे घड्याळ ते मोजत असे. मात्र घाम आला अथवा त्वचेचे तापमान झपाट्याने बदलले, की ते आकडाच देत नसे. हिशेबनिसाला ही सचोटी भावेल. संशयास्पद नोंदीपेक्षा रिकामा रकाना बरा! परंतु साखर फार खाली गेली की रुग्णाला दरदरून घाम फुटतो. म्हणजे ज्या क्षणी घड्याळाने बोलायचे, नेमके त्याच क्षणी ते मुके होण्याचा संभव.

पुढे ते घड्याळ बाजारातून गेले. तापमानाचा प्रश्न मात्र राहिला.

त्याचे मूळ मोजमापाच्या पद्धतीतच आहे. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेवर आजचे बहुतेक सेन्सर उभे आहेत. त्वचेखाली गेलेल्या केसासारख्या बारीक तारेवर विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, थर असतो. पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज पातळ पडद्यातून झिरपून तेथे पोहोचते, रासायनिक क्रिया घडते आणि अतिसूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. प्रवाह जितका अधिक, तितकी साखर अधिक. पण उष्णतेने ग्लुकोजचे झिरपणे वाढते, विकरही जलद काम करते. थंडीत दोन्ही मंदावतात. साखर तीच, प्रवाह मात्र निराळा!

समजण्यापुरते असे धरू, की एका अंशामागे प्रवाहात ४ टक्के फरक पडतो. दिल्लीच्या डिसेंबरात उघड्या दंडाचे तापमान ३ अंशांनी उतरले, तर ८० मिलिग्रॅम साखर सुमारे ७० दिसेल आणि धोक्याची घंटा विनाकारण वाजेल. याच्या उलट, दंड ३ अंशांनी तापला तर ६६ ची साखर ७४ दिसेल आणि वाजायला हवी असलेली घंटा गप्प राहील. ही दुसरी चूक अधिक घातक.

पूर्वीच्या सेन्सरांना दिवसातून एकदोनदा बोटातील रक्ताच्या तपासणीशी ताळमेळ घालून द्यावा लागे. २०१४ साली युरोपात आलेल्या 'फ्रीस्टाइल लिब्रे'ने ती गरजच काढून टाकली. दंडाच्या मागील बाजूस चिकटवलेला तो सेन्सर १४ दिवस कारखान्यात ठरवलेल्या प्रमाणावरच चालतो. अशा उपकरणाने तापमानाची दुरुस्ती स्वतःच करावयाची असते. त्यासाठी आत थर्मिस्टर हा चिमुकला तापमापक बसवतात. मूळ तापमानापासून किती अंशांचा फरक पडला ते पाहून प्रवाहाचा आकडा त्या प्रमाणात वाढवला वा घटवला जातो.

ऐकायला हे सोपे वाटते. पण थर्मिस्टर त्वचेच्या वर, तर तारेचे टोक सुमारे पाच मिलिमीटर आत. वर पंख्याचा वारा लागला तरी आतील भाग तितका गार होत नाही. वरच्या आकड्यावर डोळे झाकून दुरुस्ती केली, तर नवीच चूक जन्माला येते. म्हणून आतील तापमानाचा अंदाज बांधावा लागतो आणि क्षणिक चढउतारांना कमी महत्त्व द्यावे लागते.

त्यात आणखी एक गुंता आहे. कढत पाण्याने स्नान केले, की त्वचेतील रक्तप्रवाह वाढून टोचलेले इन्सुलिन जलद शोषले जाते आणि साखर खरोखरच उतरू शकते. उपकरणाची चूक सुधारताना शरीरातील हा खरा बदल पुसला जाऊन चालणार नाही. सूत्र तारेचा दोष काढते. देहात काय घडले, ते त्याला ठाऊक नसते.

म्हणूनच पडद्यावर ९० दिसत असताना हात थरथरू लागले, घाम सुटला, तर हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून बोटातील रक्त तपासावे, असे रुग्णांना सांगितले जाते. त्यासाठीची पट्टी मात्र उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवलेली नसावी. तिच्यावरही बहुधा विकराचाच थर असतो.