कोपरवरून जाणारी नानांची वाट

कोपरच्या खालच्या फलाटावर धीमी लोकल थांबते आणि डोक्यावरून दिवा-वसईची गाडी आडवी निघून जाते. त्या दोहोंपैकी खालचा लोहमार्ग १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत खुला झाला, आणि तो ज्या खटपटीतून आला तिच्यामागे ह्याच जिल्ह्यातील मुरबाडला जन्मलेल्या एका गृहस्थाची मुत्सद्देगिरी होती, हे चढत्या-उतरत्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

ते गृहस्थ म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, मुंबईकरांचे नाना. १८०३ साली जन्मलेल्या नानांना पित्याची व्यापारी दौलत वारशाने लाभली होती. परंतु राज्यकर्त्यांच्या कचेरीत ताठ मानेने बसून रयतेचा दावा मुद्देसूद मांडण्याचे जे कसब त्यांनी स्वतः कमावले, तेच मला त्यांचे खरे ऐश्वर्य वाटते. १८४५ साली लोहमार्गाची मसलत सुरू होताच ते सर जमशेटजी जिजीभाईंसह तीत उतरले. पार्लमेंटच्या कायद्याने १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे स्थापन झाली, भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने पत्करली, आणि तिच्या संचालकांत ह्या दोघा हिंदी गृहस्थांना स्थान मिळाले. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान ह्या तीन इंजिनांनी चौदा डबे व सुमारे चारशे निमंत्रित घेऊन, एकवीस तोफांच्या सलामीत, बोरीबंदरहून ठाणे गाठले.

पुढे खाडी आडवी होती. तिच्यावर पूल बांधून मार्ग पारसिकच्या डोंगराला वळसा घालीत मुंब्र्याकडे नेला गेला. डोंगर पोखरणारा थेट बोगदा १९१६ साली झाला, तरी कोपरला येणारी धीमी गाडी आजही कळवा-मुंब्र्याची ती जुनी वाट सोडीत नाही.

नानांची वकिली रुळांपुरती नव्हती. शिक्षण मंडळात सर एर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरीत असता, सामान्यांना विद्या देशभाषेतूनच मिळाली पाहिजे, हा पक्ष त्यांनी निकराने लढविला. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी रयतेची गाऱ्हाणी थेट पार्लमेंटपुढे धाडली. १८६२ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले आणि ३१ जुलै १८६५ रोजी निवर्तले.

त्यांच्या मुरबाडला मात्र लोहमार्ग अजून पोचलेला नाही. कल्याणहून पुढे रस्त्यानेच जावे लागते. ही उणीव सरकारने लवकर भरून काढावी.