बांध, बिंदू आणि बुद्रुक

सकाळी ६:३०

एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्सच्या पहिल्या वर्षाचा आजचा पहिला तास वेताळ टेकडीवर आहे. जानेवारीची थंडी, निम्मी मुलं हॉस्टेलवरून चहा न घेताच आलेली, आणि मधोमध तिपाईवर बसवलेला, उपग्रहांवरून जागा आणि उंची मोजणारा जीएनएसएस रिसीव्हर. पुण्यात टेकडीवर तिपाई दिसली की फिरायला आलेली मंडळी थांबतात. एका आजोबांनी काठी टेकत विचारलंच, "रस्ता आखताय का?" मी म्हटलं, "नाही हो, मुलांचं प्रॅक्टिकल आहे." "सगळे असंच म्हणतात," असं म्हणून ते पुढे गेले, पण वळणावर थांबून पुन्हा एकदा बघून घेतलंच.

आजचा धडा उंचीचा. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून आठशे मीटर धरतात. यंत्र मात्र साठाहून जास्त मीटर कमी दाखवतं. मुलांना वाटतं यंत्र बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. यंत्र उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटीच त्या आकाराच्या बरीच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खळगा शंभर मीटरांच्याही पुढे जातो, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचलेला आहे. मुंबईत गेटवेपाशी हेच यंत्र लावलं तर ते उणे आकडा दाखवील, आणि तुम्ही मात्र कोरड्या पायांनी उभे असाल. हे कळायला वर्गात दोन तास लागतात, टेकडीवर दहा मिनिटं. पुढे ज्यांना कालवे किंवा ड्रेनेज आखायचं आहे त्यांनी दोन प्रकारच्या उंच्यांची सरमिसळ केली, तर कागदावर पाणी चढावर वाहायला लागतं.

सकाळी ९:१५

शिपाईमामांनी लॅब उघडलीय. दुसऱ्या वर्षाची मुलं आधीच बसली आहेत, कारण घरच्या लॅपटॉपवर उपग्रहाची चित्रं उघडायला चहा होईल एवढा वेळ लागतो. बहुतेक काम क्यूजीआयएसवर चालतं. ते फुकट आहे, मोकळं आहे, आणि मुलगी शिकून गावी गेली तरी तिच्यासोबत जातं. महागडं सॉफ्टवेअरही शिकवतो, कंपन्या विचारतात म्हणून.

माहितीपत्रकावर आमच्या विषयाचं चित्र असतं ते असं: निळा पडदा, फिरती पृथ्वी, त्यावर चमकणाऱ्या रेषा. लॅबमध्ये सकाळच्या वेळी दिसतं ते वेगळंच. साताऱ्याचा एक मुलगा गेले काही दिवस गावांची नावं जुळवतोय. त्याच्याकडे एक नकाशा आहे, गावांच्या हद्दींचा, आणि एक तक्ता आहे, टँकरनं पाणी दिलेल्या गावांचा. दोन्ही गावाच्या नावावरून जोडायचे. नकाशात 'वडगाव बुद्रुक', तक्त्यात 'वडगाव बु.', आणि त्याच तक्त्याच्या दुसऱ्या पानावर इंग्रजीतलं 'बीके'. शिवाय कुणीतरी नुसतंच 'वडगाव' लिहून ठेवलंय, म्हणजे ते खुर्द की बुद्रुक हे त्या लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पिंपळगाव तर एका जिल्ह्यातच अनेक. कॉम्प्युटरला शेवटचा रिकामा स्पेससुद्धा वेगळं गाव वाटतं.

मी त्याला नावांचा नाद सोडायला सांगितला. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तो धर. तो म्हणाला, "मॅडम, तक्त्यात कोडच नाहीये." मग तालुका आणि नाव दोन्ही मिळून जोड, उरतील ती हातानं बघ, आणि जे जुळत नाही त्यावर अंदाजानं शिक्का मारू नकोस. चुकीचं गाव लाल दिसण्यापेक्षा करडं दिसलेलं बरं. उद्या कुणीतरी तो नकाशा बघून टँकर पाठवणार आहे.

त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीचा वेगळाच गोंधळ. शेपफाइल हा आमच्या धंद्यातला सर्वात चालणारा आणि सर्वात जुनाट फाइलप्रकार. त्यातला तक्ता डीबेसच्या काळातला, त्यामुळे रकान्याचं नाव दहा बाइटांपेक्षा मोठं चालत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. तिनं हौसेनं रकान्याला 'लोकसंख्या' नाव दिलं होतं, फाइल जतन केल्यावर उरलं 'लोक'. आतली गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली ती वेगळीच. जिओपॅकेजमध्ये जतन केलं की दोन्ही प्रश्न सुटतात, पण सरकारी कार्यालयात आणि कंपनीत अजूनही शेपफाइलच मागतात. तीही नुसती एक फाइल पाठवून भागत नाही. सोबतच्या तीन-चार फाइली नसल्या तर समोरच्याकडे काहीच उघडत नाही. दरवर्षी पहिल्या महिन्यात प्रत्येकजण मला एकच फाइल ईमेल करतो.

सकाळी ११:००

आज सेंटिनेल-२ पुण्यावरून जाणार आहे. या जोडीतला एक ना एक उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, आणि नेहमी सूर्याच्या वेळेनुसार साडेदहालाच. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे अकरा वाजतात. वेळ ठरलेली असते ती सावल्या सारख्या पडाव्यात म्हणून, नाहीतर दोन तारखांच्या चित्रांची तुलना कशी करणार? दहा मीटरचा एक ठिपका, म्हणजे साधारण एक गुंठा. हे युरोपातल्या संस्थेनं जगाला फुकट दिलंय. लँडसॅटचा १९७२ पासूनचा साठाही २००८ पासून फुकट आहे. आमच्या शिक्षकांच्या वेळी एकेका चित्रासाठी पैसे भरून वाट बघावी लागायची. आता वाट बघावी लागते ती फक्त पावसाळा संपायची. जून ते सप्टेंबर ढगांपलीकडचं काही दिसत नाही, तेव्हा रडारच्या चित्रांवर भागवावं लागतं.

अहिल्यानगरची एक मुलगी याच चित्रांवरून ऊस वेगळा काढतेय. जुलैत लावलेला आडसाली ऊस दीड वर्ष हिरवा राहतो, शाळू ज्वारी आता वाळायला लागेल. एका तारखेचं चित्र दोघांनाही हिरवंच म्हणतं. वर्षभराची चित्रं ओळीनं लावली की पीक आपलं नाव सांगतं. वडिलांचा ऊस कोणत्या ठिपक्यात आहे हे तिला पाठ आहे. साखर कारखान्यांना हे आकडे गाळपाच्या आधी हवे असतात, पीकविमा कंपन्यांना नुकसानीच्या वेळी. तिला नोकरी लागेल याबद्दल मला शंका नाही, आणि त्याचं श्रेय आमच्या अभ्यासक्रमाला फारसं नाही. तिनं बीएस्सी ॲग्री केलंय.

दुपारी १२:००

नकाशा-प्रक्षेपणाचा तास. हा विषय मुलांना रटाळ वाटतो, म्हणून मी हिंगणघाटपासून सुरू करते. विल्यम लॅम्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला तो वारला, त्याची कबर तिथंच आहे. काम एव्हरेस्टनं पुढे नेलं. त्यानं भारतासाठी पृथ्वीचा जो आकार धरला, त्यावर आपले जुने टोपोशीट बेतलेले आहेत. मोबाइल आणि उपग्रह धरतात तो आकार वेगळा. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच उचलून आजच्या नकाशावर ठेवले, तर पुण्याच्या भागात मंदिर शंभर मीटरांहून जास्त सरकतं. रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या आवारात.

शिवाय महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागलेला: अठ्ठ्याहत्तर रेखांशाच्या अलीकडे अमरावती, पलीकडे नागपूर. दोन्ही जिल्ह्यांचं काम एकत्र करायचं तर आधी ठरवावं लागतं, कुठल्या पट्ट्यात मोजायचं. तासाच्या शेवटी एकानं शेताचं क्षेत्रफळ 'शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य शून्य दोन' काढून दाखवलं. चौरस अंशांत. मी काही बोलले नाही, वर्गच हसला.

दुपारी १:३०

डबा खाताना बीडच्या विद्यार्थिनीनं फोन पुढे केला. "मॅडम, पप्पांना तुमच्याशी बोलायचंय." पप्पांनी आधी तब्येत विचारली, मग मुद्द्यावर आले. "मॅडम, पोरगी नकाशाचंच शिकतीया. शेजाऱ्यानं बांध कोरलाय. गूगलवर रेघ साफ दिसतीया. तुम्ही लेटरहेडवर तेवढं लिहून द्या, की बांध आमच्या हद्दीतून गेलाय."

मी त्यांना समजावलं. गूगलवरचं चित्र चार-दोन मीटर इकडेतिकडे बसलेलं असू शकतं, आणि तुमचं भांडण तर हातभराचं. दुसरं म्हणजे तुमच्या जमिनीची मूळ मोजणी तेहतीस फुटी साखळीनं झालेली, तिचे सोळा भाग म्हणजे आणे. साखळी लांब, साखळी रुंद चौकोन म्हणजे गुंठा. त्या मापांची टिपणं भूमी अभिलेखकडे आहेत. नंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले, पोटहिस्से पडले. हद्द ठरते ती या कागदांवरून आणि सरकारी मोजणीवरून, चित्रावरून नाही. आता मोजणीला उपग्रहांवर चालणारा रोव्हर येतो, काम लवकर होतं, तरी अर्ज तुम्हालाच करावा लागेल.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग पोरगी शिकून उपेग काय?"

मुलगी लाजेनं डब्यात बघत होती. मी म्हटलं, "दादा, उपयोग हाच, की तिला हे कळतं. शेजाऱ्याच्या पोराला कळत नाही." ते हसले. हसले तरी त्यांचा प्रश्न खोटा नाही. भूकरमापकाच्या भरतीत पात्रता विचारतात ती स्थापत्य पदविका किंवा आयटीआयमधला सर्वेक्षक ट्रेड. आमची एमएस्सी त्या रकान्यात बसत नाही.

दुपारी ३:००

नोकरीविषयी बोलायचा तास. वेळापत्रकात तो नाही, पण निकालापेक्षा मुलांना याचीच काळजी जास्त. मी गोड बोलत नाही.

ज्याला फक्त बटणं येतात, त्याला पहिली नोकरी मिळते डिजिटायझिंगची. उपग्रहाच्या चित्रावर दिवसभर घरांच्या कडा गिरवायच्या, रोजचा कोटा पुरा करायचा. महापालिकांच्या मिळकतकरासाठी, मोबाइल कंपन्यांच्या केबलसाठी, परदेशातल्या चालकरहित गाड्यांसाठी हे काम पुण्या-मुंबईत भरपूर चालतं. वाईट काही नाही, पण त्यात दोन वर्षांहून जास्त राहिलात तर बाहेर पडणं अवघड. आणि तेच काम आता यंत्रं झपाट्यानं शिकतायत.

त्याच्या वरची पायरी दोन वाटांनी चढता येते. एक, पायथन आणि पोस्टजीआयएस. बीसीएस करून आलेली मुलं या वाटेनं जातात आणि पगारात बाकीच्यांना मागे टाकतात. दुसरी, आपला मूळ विषय घट्ट धरून ठेवणं. भूशास्त्राची मुलं भूजलाकडे जातात, पुण्यातच भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. भूगोलवाली नगररचनेकडे. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून आहे, तिथल्या कंत्राटी प्रकल्पांत बरीच जणं सुरुवात करतात. संशोधनाची ओढ असेल तर डेहराडूनची आयआयआरएस, नाहीतर आयआयटी मुंबईतलं संसाधन अभियांत्रिकीचं केंद्र. गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आलाय, त्यामुळे वाट सरळ झालीय. आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, ते न करणाऱ्याला मी आळशी म्हणते आणि तोंडावर म्हणते.

एकानं विचारलं, "सरकारनं नियम सैल केले ना मॅडम?" केले. फेब्रुवारी २०२१ पर्यंत नकाशे बनवायला आणि वापरायला परवानग्यांचं जंगल होतं. त्या महिन्यात भारतीय कंपन्यांसाठी ते बरंचसं साफ झालं, २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय धोरण आलं. गावठाणांची ड्रोननं मोजणी करणारी स्वामित्व योजना त्याआधीच, २०२० मध्ये सुरू झालेली. काम वाढलंय हे खरं. पण कामाची निविदा निघते एका कंपनीच्या नावानं, प्रत्यक्ष काम तिसरीच कंपनी करते, आणि मुलांच्या हातात पडतं अकरा महिन्यांचं पत्र. हे कळूनच सही करा.

संध्याकाळी ५:३०

प्रबंधाचं परीक्षण. आंबेगाव तालुक्यात दरडींचा धोका कुठं आहे, हा विषय. ३० जुलै २०१४ ला याच तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं ते सकाळच्या एसटीच्या चालकामुळे. मुलीचा नकाशा देखणा झालाय. उतार, माती, झाडोरा, ओढ्यापासूनचं अंतर, पाऊस, सगळ्यांना भार देऊन बेरीज केलीय. लाल, नारिंगी, पिवळं.

मी विचारलं, "उताराचा नकाशा कशावरून?"

"एसआरटीएमवरून, मॅडम."

तो उंचीचा साठा २००० सालचा, तीस मीटरच्या ठिपक्याचा. डोंगरउतारावर पडकई करून जी भातखाचरं काढतात, त्यांची रुंदी काही मीटर. तीस मीटरच्या ठिपक्यात अशी खाचरं आणि त्यांचे बांध सगळे मिसळून जातात, उतार सरळ दिसतो. पाणी कुठं मुरतं, कुठं अडतं, हे त्याच खाचरांवर ठरतं. तुझा नारिंगी रंग तिथं लाल असेल किंवा हिरवाही असेल.

"तू लाल दाखवलेल्या वाड्यांपैकी कुठल्या बघितल्यास?"

ती गप्प.

मग आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि एसटीचं वेळापत्रक उघडलं. शिवाजीनगरहून मंचर, तिथून डिंभ्याकडची गाडी, पुढे जीप मिळेल ती. येत्या रविवारी दोघी मैत्रिणी जाणार. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, रेंज नसते. प्रत्येक वाडीत वयस्कर माणसाला विचारा: ओढा कधी बदलला, भिंतींना भेगा कधी पडल्या, कुठल्या झऱ्याला गढूळ पाणी आलं. उत्तर जसंच्या तसं लिहा, बिंदू टाका. ओळखपत्र सोबत ठेवा. सरपंचांसाठी पत्र मी आत्ताच लिहून देते, मामा गेले नसतील तर शिक्काही मारून घ्या.