वाटेवरचा गट आत्ता कुठे असेल?

काशीदहून सकाळी 7 वाजता पायी निघालेला गट मुरुडला कधी पोहोचेल? रस्त्याने अंतर सुमारे 18 किलोमीटर. अशा हिशेबाचा सोपा नियम स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडला. सपाटीवर ताशी 5 किलोमीटर धरायचे आणि दर 600 मीटर चढाला एक तास वाढवायचा. विश्रांती मिळवली, तर गट साडेअकराच्या सुमारास मुरुडला यायला हवा. पुढे 1993 मध्ये भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी उतारही हिशेबात घेतला. हलक्या उतारावर माणूस सर्वांत वेगाने, ताशी 6 किलोमीटर चालतो. उतार तीव्र झाला की वेग पुन्हा घटतो.

किनाऱ्याने निघालात, तर हे आकडे बदलतात. बेल्जियममधील संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले, की कठीण जमिनीपेक्षा वाळूत चालायला 2.1 ते 2.7 पट ऊर्जा लागते. म्हणून ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट पुळण गाठायची. त्यासाठी कोकणातला जुना आडाखा आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी 9 च्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी 7 ला निघणे योग्य. एकादशीला मात्र सव्वाआठलाच भरती असते. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यातच पाहाव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या मुखाशी विशेष जपावे.

मोबाइलवरचा ठिपका हे सगळे सांगत नाही. जीपीएसला किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून जागा कळते, पण ती घरच्यांपर्यंत पोहोचवायला मोबाइलची रेंज लागते. रेंज गेली की ठिपका थांबतो, माणूस चालत राहतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत.

म्हणूनच अंदाज मोलाचा. ताशी 4 किलोमीटर वेगाने कोणत्याही दिशेला जाऊ शकणारा माणूस एका तासात सुमारे 50 चौरस किलोमीटरमध्ये कुठेही असू शकतो, दोन तासांत 200. वेळ दुप्पट, शोधाचे क्षेत्र चौपट. निघण्याची वेळ, वाट, टप्पे आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही, तर मदत मागा’ ही सूचना कागदावर लिहून घरी ठेवली, तर शोध वेळेत सुरू होतो आणि योग्य जागेपासून सुरू होतो.