हबशी म्हणजे कुठला?

मागे एकदा गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आम्ही चौघी बसलो होतो. शेजारी एक शाळकरी मुलगी आजीबरोबर आली. रंगानं काळी, केस दाट कुरळे. आमच्यातलीच एक पटकन बोलून गेली, "अगं बाई, हबशीच दिसते ही!" पोरीनं ऐकलं. ओढणी डोक्यावरून घेतली आणि तोंड फिरवून बसली. घरी येताना आम्हाला काही सुचेना. मग त्या शब्दाच्याच मागे लागलो.

अरबीत इथिओपियाला, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या त्या डोंगराळ देशाला, 'हबश' म्हणतात. तिथला तो हबशी. कोकणातला तो कोकणी, तसंच. पुढे आफ्रिकेतून आलेल्या सगळ्यांनाच आपण हबशी किंवा सिद्दी म्हणू लागलो. त्या शब्दाची शिवी आपणच केली.

सिद्दी म्हटलं की आपल्याला मुरूडचा जंजिरा आठवतो. १९४८ पर्यंत तिथं सिद्दींचं संस्थान होतं. पण मलिक अंबर? इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार पार करत दख्खनमध्ये पोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही हबशीच. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं अंबरला मोकळं केलं. हाच अंबर पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. त्याची कबर खुलताबादला आहे.

हे झालं सरदारांचं. बाकीच्यांची नावं कुणी लिहून ठेवली? आपल्या वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर नवस फेडायला बांधलं, हे आपण पोरांना सांगतो. त्या वसईत, तसंच गोव्यात, पोर्तुगीजांच्या घरी आफ्रिकेतून आणलेली गुलाम माणसं राबत होती. पाणी भरणं, पालख्या वाहणं, पोरं सांभाळणं. गोव्यातून पळालेले कितीतरी जण घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलात शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात त्यांची वस्ती आजही आहे. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. घरात कोकणी बोलतात, आणि मराठी, कन्नडही येतं. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं.

आम्हाला त्यांच्या जवळ नेलं ते गोधडीनं. सिद्दी बायका तिला कवंद म्हणतात. जुनं लुगडं खाली अंथरायचं, फाटक्या कपड्यांचे तुकडे वर ठेवायचे आणि धावदोरा घालायचा, इथवर सगळं आपल्यासारखंच. पण त्या सुरुवात करतात एका कोपऱ्यातून. कडेकडेनं गोल फिरत, तुकडे जोडत जोडत आत येतात आणि मधोमध संपवतात. छापलेला नमुना नाही, मोजपट्टी नाही. कुठला रंग कुठे, ते ज्या त्या बाईचं मन ठरवतं. ख्रिस्ती घरात एखादीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरात चंद्रकोर. बाळाची असेल तर बारीक रंगीत ठिगळं भरपूर.

शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक शिवतात. त्यांना म्हणतात फुलं. फुलं नसलेली कवंद त्यांच्या दृष्टीनं उघडी, अपुरी.

आमच्यातल्या त्याच बोलून गेलेल्या बाईनं आता नातवाची गोधडी शिवायला घेतली आहे, कोपऱ्यातून. दोन बाजू झाल्या. ती पोरगी आणि तिची आजी मात्र कुंडावर पुन्हा दिसल्या नाहीत. आम्ही दर मंगळवारी बघतो.